टेकाडावर दिलेली लेकरं

सोमेश्वराचं देऊळ मागे पडलं तेव्हा कुसाबाई पहिल्यांदा बोलली. टाकेवाडीहून आम्ही दोघी दिवस उगवायच्या आत निघालो होतो. चार मैल चालून झाले होते आणि तेवढ्यात तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

"मास्तरीणबाई, तिथं गेल्यावर आकडा मोठ्यानं सांगावा लागंल का हो?"

"सांगावा लागेल. ते विचारतील आणि लिहून घेतील."

"कानात सांगितला तर?"

"कुणाच्या? साहेबाच्या?"

मला हसू आलं. तीही हसली. "नाय तर काय, साहेबाला कान नसत्यात का?" म्हणाली. दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा होत्या. थंडी पडली होती, राखणदाराची खोप रिकामी दिसत होती. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, पदर तोंडावर धरला आणि पदराच्या आतून म्हणाली, "तीन."

मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"एक घरात आन् दोन टेकाडावर. तीन झाली का नाय?"

"झाली."

"कुनी ऐकलं नाय ना?"

"कुणी नाही गं. चल."

आम्ही नाशिकला कचेरीत अर्ज द्यायला चाललो होतो. अर्ज माझ्या हातचा होता आणि घडी करून माझ्याच कमरेला होता, कारण कुसाबाईला तो स्वतःजवळ ठेवायची भीती वाटत होती.

कुसाबाई म्हणजे टाकेवाडीच्या बहिरूची बायको. आमच्या यांची तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेत बदली झाली ती सन तेहेतीसच्या उन्हाळ्यात. शाळेच्याच मागच्या खोलीत आमचा संसार, आम्ही दोघं आणि आमचा मुलगा. मी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालेली, पण चुलीपुढे तिचा काय उपयोग! कुठलं लाकूड धुरकटतं, नागलीची भाकरी तव्यावर का मोडते, हे मला कुसाबाईने शिकवलं. उंच, काटकुळी बाई. चालताना माझ्यापुढे सारखी दहा पावलं असायची आणि मग थांबून "या, या, बामनाची वरात" म्हणून मला चिडवायची. पळसाच्या पत्रावळी लावून ती नाशिकला क्षेत्रावरच्या भटजींकडे पोचवी. तिच्या शंभराच्या गठ्ठ्यात एक पान कमी निघालं असं कधी झालं नाही. भटजी मोजून घ्यायला बसले तर तिला राग येई. "माझी मोजलेली पुन्ना काय मोजता?" म्हणे. गोठ्यातल्या कोंबड्या, वाफ्यातली रोपं, शाळेतल्या पोरांची डोकी, सगळं तिला एका नजरेत कळे.

आणि हीच बाई, मी पहिल्यांदा "मुलं किती गं तुला?" विचारलं तेव्हा म्हणाली, "येकच पोर. बया तिचं नाव." तिची सासू लंकाबाई शेजारी दळत होती. तीही जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली, "येकच हाय वो. बया."

पुढे वर्षभराने मला खरं कळलं.

गावाच्या मावळतीला, गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, काठापासून दोन शेतं आत एक टेकाड आहे. पालथ्या टोपलीसारखं गोल, दुमजली घराएवढं उंच, पायथ्याला मोठमोठ्या दगडांचं कडं. त्याला गवळ्याचं टेकाड म्हणतात. गावाचं म्हणणं असं की, फार पूर्वीच्या गवळी राजाची दाई त्याच्या आत निजली आहे. दात यायच्या आत गेलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात, हे तर सगळीकडेच आहे. पण टाकेवाडीत ते या टेकाडाच्या उगवतीच्या अंगाला पुरत. आणि 'गेलं' म्हणत नसत. 'टेकाडावर दिलं' म्हणत. तिथून पुढे ते दाईचं, दाईच त्याला वाढवणार. म्हणून आईने त्याचं नाव घ्यायचं नाही, आपल्या लेकरांत त्याला मोजायचं नाही. परक्या माणसाने विचारलं की तिथं तुमचं कुणी आहे का, तर नाही म्हणायचं. एकदा दिलेलं पुन्हा आपलं म्हटलं तर दाईला राग येतो, आणि मग ती घरातलं उरलेलं मागते.

मी देवाला दिवा लावणारी बाई आहे. दुसऱ्याच्या समजुतीला हसायची मला सवय नाही. मी ऐकलं आणि कुसाबाईला पुन्हा कधी आकडा विचारला नाही.

सन चौतीसच्या हिवाळ्यात पेठकडच्या रस्त्याचं काम निघालं आणि कंत्राटदाराने टेकाडाच्या कड्याचे दगड फोडायला माणसं लावली. गाव खवळलं. पाटलांनी आमच्या यांच्याकडून कागद लिहून वर धाडला. त्यावर एक अधिकारी आले. चांगला माणूस. टेकाडाभोवती तीन वेळा फिरले, दगडांना हात लावून पाहिला आणि चावडीत बसून म्हणाले, "हे फार जुनं आहे. पांडवलेण्यांच्याही आधीचं. त्या काळी लिहिणंसुद्धा नव्हतं. एखाद्या मोठ्या माणसाला पुरून वर हा ढीग रचलेला असणार. सरकार याचं रक्षण करील, कोणी दगड हलवायचा नाही." लोकांना एवढा आनंद झाला की कुणीतरी त्यांना दूध आणून दिलं.

मग पंचनामा करायला बसले. पंच चार, त्यांत बहिरू एक. साहेबांनी विचारलं, "या टेकाडावर कोणाची वहिवाट आहे का? पूजाअर्चा? कोणाला पुरलंबिरलं आहे का?"

चौघांनी खाली मान घातली. चौघांचंही तिथे कुणी ना कुणी होतं. बहिरूने दाराकडे पाहिलं. दारात कुसाबाई पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तीच पुढे होऊन म्हणाली, "नाय जी. आमचं कुनी नाय तिथं."

"नाय जी," बहिरू म्हणाला.

मग बाकीचे तिघे. "नाय जी, नाय जी."

आमच्या यांनी लिहून घेतलं: सदर टेकाडावर कोणाचीही वहिवाट, पूजास्थान अथवा दफन नाही. खाली चार अंगठे उमटले. मी आतल्या बाजूला उभी होते. मला ठाऊक होतं. पण ती गोष्ट माझी नव्हती आणि ज्यांची होती ते नाही म्हणत होते, म्हणून मी काही बोलले नाही. आज वाटतं, साहेबांना बाजूला घेऊन दोन शब्द सांगितले असते तर त्यांनी ते लिहिले असते. पूजेची किंवा पुरण्याची जागा असली तर कायद्यात तिला वेगळी वागणूक आहे, हे मला फार उशिरा समजलं.

नोटीस चिकटवली. हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती. हरकत कोण घेणार, आणि कशाबद्दल? कंत्राटदार पळाला होता. महिना सरल्यावर टेकाडापुढे पाटी उभी राहिली. ती मीच बायकांना वाचून दाखवली. हे स्थळ सन १९०४ च्या कायद्याप्रमाणे संरक्षित आहे, नासधूस किंवा खोदकाम करणारास दंड अथवा तीन महिनेपर्यंत कैद. "सरकारनं बरं केलं," कुसाबाई म्हणाली. पाटीच्या खांबाला तिने हळद लावली होती.

पहाऱ्याला नाशिकचा महेबूब नावाचा माणूस आला. वयाने पन्नाशीचा, बोलका. त्याचं आणि कुसाबाईचं रोज काहीतरी चाले.

"कुसाबाई, तुझी शेळी टेकाडावर चढली तर तीन महिने कैद."

"शेळीला का मला?"

"ते कायद्यात लिहिलेलं नाही. दोघींना नेऊ."

"मंग आधी शेळीला न्या. मी घरचं आवरून येते."

पण पुढच्या पावसाळ्यात सावळीरामचं आठ दिवसांचं मूल गेलं आणि तो कापडात गुंडाळून ते टेकाडाकडे घेऊन आला तेव्हा महेबूब पाटीपुढे उभा राहिला. हात जोडून उभा राहिला. "माझी नोकरी जाईल हो. तुम्हीच लिहून दिलंय ना, इथं कुणी पुरत नाही म्हणून?" सावळीरामने ते मूल ओढ्याच्या काठाला पुरलं. महिन्याभराने ओढ्याला पूर आला आणि तो काठ गेला. सावळीरामच्या बायकोने तर मूल दाईला दिलेलंसुद्धा नव्हतं, म्हणजे त्याला वाढवणारं कुणीच नव्हतं.

सन छत्तीसच्या दिवाळीनंतर बातमी आली की संक्रांतीनंतर टेकाड उकरणार. सरकारचं जुन्या वस्तूंचं खातं उकरणार, शास्त्राप्रमाणे. मापं घ्यायला माणसं आली, खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. मावळतीची बाजू कंत्राटदाराने नासवली होती म्हणून काम उगवतीकडून सुरू व्हायचं होतं.

त्या संध्याकाळी कुसाबाई माझ्या दारात येऊन बसली. बराच वेळ नखांतली माती काढत राहिली.

"बाई, दोरी माझ्या दोघांच्या मधनं गेली."

ती त्या दोघांबद्दल आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती.

"करवंदीच्या जाळीपासनं सात पावलं. पयला तिथं. दुसरी त्याच्या खालच्या अंगाला, हातभर. मी कुनाला सांगितलं नाय. मी मोजलं बी नाय. पर पायाला ठावं हाय." मग म्हणाली, "अर्ज लिवा. म्हनावं येवढी दोन सोडून बाकी समदं उकरा. राजा काढा, दाई काढा. माजं काय म्हननं नाय."

आमचे हे सरकारी नोकर आणि पंचनामा यांच्याच अक्षरात. रात्री मी विचारलं तेव्हा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू लिही. मला दाखवू नकोस." बहिरूला कळलं तेव्हा त्याने आमच्या अंगणात येऊन आरडाओरडा केला. तो भांडकुदळ माणूस नव्हे. घाबरला होता. "कचेरीत जाऊन मोजनार व्हय? येक जित्ती हाय ती तुला जड झाली का?"

बया तेव्हा चार वर्षांची. आईच्या लुगड्याला धरून उभी होती.

कुसाबाई त्याला एवढंच म्हणाली, "हिला दुखलं तर ही रडंल. त्यांना रडाया बी येत नाय."

अशा आम्ही दोघी त्या दिवशी निघालो होतो.

कचेरीच्या व्हरांड्यात दुपार कलेपर्यंत बसलो. कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही. तिथल्या माणसांनी काही वाईट केलं असं मला म्हणायचं नाही. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, कपाटातून दप्तर काढलं, पंचनामा काढून टेबलावर ठेवला.

"हा अंगठा तुझ्या नवऱ्याचा ना?"

"व्हय जी."

"मग तेव्हा तो खोटं बोलला, का आता तू बोलतेस?"

"तवा मी बोलले. खोटं नव्हतं जी ते. तसंच म्हनायचं असतं."

"म्हणजे काय?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. दाई, देणं, मोजणं. तिच्या तोंडून ते तुटक तुटक आलं. रांगेतली माणसं ऐकू लागली. एकजण हसला. मी मध्ये बोलले तर कारकून म्हणाले, "तुम्ही थांबा बाई, अर्जदार ती आहे." मग तिला म्हणाले, "हे सगळं राहू दे. सरळ सांग, मुलं किती?"

कुसाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. मी मनात रामाचं नाव घेतलं, दुसरं काय करणार? तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि व्हरांड्यातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तीन."

कारकुनांनी जन्ममृत्यूची नोंद मागवली. त्यात दोन्ही मुलांचा मृत्यू नव्हता. टेकाडावर दिलेल्याची नोंद पाटील करत नसत.

"नोंद नाही. पंचनाम्यात नाही. हरकतीची मुदत जाऊन दोन वर्षं होत आली. मी कशाच्या आधारावर लिहू?"

"माज्या," कुसाबाई म्हणाली.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. शेवटी अर्जावर शिक्का मारून तो त्याच दप्तरात लावला आणि मला हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही वाचणाऱ्या आहात, तिला समजवा. हे लोक फार जपून काढतात. एक हाड टाकत नाहीत. प्रत्येकाला नंबर देतात."

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "नंबर म्हंजी काय वो?"

"आकडा."

"म्हंजी ते बी मोजनार."

परतताना ती इतकी भरभर चालली की मला धावावं लागलं. गावाच्या वेशीत बया दगडांशी खेळत होती. कुसाबाईने तिला उचलून तिचं कपाळ, पाठ, तळपाय सगळं चाचपून पाहिलं आणि मगच पाणी प्यायली.

संक्रांतीनंतर तंबू उभे राहिले. मातीच्या पाट्या वाहायला गावातल्या बायका लावल्या आणि कुसाबाईने पहिल्याच दिवशी नाव दिलं. लोकांना वाटलं, मजुरीसाठी. ती मला म्हणाली, "माती निघनार तर माज्या पाटीत निघंल." घरी तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. बहिरू बाहेर ओट्यावर जेवे. तिची भाकरी मी दुपारी नेऊन देत असे, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

मोठे साहेब तंबूत नकाशे काढत. खड्ड्यात एक चष्मेवाले तरुण असत, पुण्याकडचे, मराठी बोलणारे. ते गुडघ्यांवर बसून बारीक ब्रशाने माती झाडत, आणि बायकांना त्याचं फार हसू येई. नवसाबाई म्हणून एक होती ती म्हणे, "येवढं हळू तर आमी लेकराचं नाक बी पुसत नाय." दुसरी म्हणे, "रावसाहेब, राजा उठंल हां! गुदगुल्या नका करू." ते लाजून हसत आणि ब्रश चालवत राहत.

पाचव्या दिवशी ते हसायचे थांबले. हातभर खोलीवर बारीक हाडं लागली होती. कवटी नारळाच्या करवंटीएवढी. त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब वाकून बघून गेले आणि जाताना दोन शब्द बोलले. ते तरुण बायकांकडे वळले. "साहेब म्हणतात हे जुनं नाही, अलीकडचं आहे. तुमच्या गावातलं का? खरं सांगा. कोणी रागावणार नाही."

आठ बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या.

"नाय जी," नवसाबाई म्हणाली.

"नाय जी." "आमचं नाय जी."

कुसाबाई करवंदीच्या जाळीकडे बघत होती. जाळी अजून तोडली नव्हती. तिने पाटी खाली ठेवली.

"माजं हाय."

शेजारच्या बायका तिच्यापासून लांब सरकल्या. नवसाबाईने तर आपल्या पोरीला, कडेवर होती तिला, पदराखाली झाकलं.

"दुसरं त्याच्या खाली हाय. ह्या अंगाला. हातभर."

ते तिने दाखवलं तिथे वाकले. अर्धा तास लागला. दुसरं तिथेच होतं, आणखी लहान. त्याच्या बाजूला मातीत काळ्या दोऱ्याचा तुकडा होता.

"मला देता का?" कुसाबाईने विचारलं. "मी गंगेत सोडीन. न्हाय तर दुसऱ्या मातीत ठिवीन. तुमच्या राजाला मी हात लावत नाय."

त्यांनी मान हलवली. "माझ्या हातात नाही हो. संरक्षित जागेतून निघालं ते सगळं खात्याचं. मी कागदावर स्पष्ट लिहीन की हे अलीकडचं आहे, गावातल्या एका बाईने ओळखलं. पण द्यायचा अधिकार मला नाही. साहेबांनाही नाही."

ते तंबूत जाऊन साहेबांशी बोलले, हे मी पाहिलं. बराच वेळ बोलले. परत आले ते कापूस आणि बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे घेऊन. कापसावर सगळं नीट ठेवलं, काही राहू दिलं नाही, दोऱ्याचा तुकडासुद्धा. झाकणावर कागद चिकटवून त्यावर इंग्रजी आकडे घातले. कुसाबाईने मला विचारलं काय लिहिलंय, तर मी सांगितलं, चौदा आणि पंधरा.

"मंग आधी तेरा कोन?"

"खापरं असतील."

तिने पाटी उचलली आणि संध्याकाळपर्यंत माती वाहिली.

राजा निघाला का, तर निघाला म्हणायचा. खाली फार खोलवर मोठी मडकी, एक लोखंडी तुकडा आणि राख. दाई कुणाला दिसली नाही. आठवड्याने सगळं सामान बैलगाडीने नाशिकला, तिथून रेल्वेने पुढे जायचं ठरलं. गाडीबरोबर महेबूबला पाठवणार होते. तो मला मुद्दाम सांगायला आला. "बाई, ते दोन डबे मी मांडीवर घेऊन बसेन. वाट फार खडकाळ आहे." कुसाबाईला तेवढं सांगा, म्हणाला, आणि तिच्या घरावरून न जाता मागच्या वाटेने गेला.

गाडी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बयाला ताप आला. माघात पोरांना ताप येतो. आमच्या शाळेतली सहा पोरं त्याच तापाने निजली होती आणि चार दिवसांत उठली. मी गवती चहा आणि सुंठेचा काढा करून दिला, देवापुढचा अंगारा लावला. पण गावाला बयाच्या अंगात ताप दिसत नव्हता, दाईचा राग दिसत होता. लंकाबाई नातीच्या उशाशी बसून एकच बोलत होती, "मोजलीस ना? मोज आता." बहिरू भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मी कुसाबाईला म्हटलं, "अगं, तू खरं बोललीस. खरं बोलल्याची शिक्षा देव पोराला देत नाही."

"तुमचा देव नसंल देत," ती म्हणाली. रागाने नव्हे. तिला माझ्या देवाबद्दल चांगलंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आली. बयाला घोंगडीत गुंडाळून कडेवर घेतलं होतं. ताप थोडा उतरला होता, पोर डोळे उघडून बघत होती. कुसाबाई उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. ये म्हटलं तरी आत आली नाही.

"बाई, पदर पसरा."

मला वाटलं काही द्यायचं असेल. मी पसरला. तिने बयाला माझ्या पदरात ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"आता ही तुमची."

"अगं, हे काय?"

"ऱ्हाईल माज्यातच. खाईल माजं, निजंल माज्याजवळ, तुमाला कसला बी तरास देनार नाय. कापडं मी धुवीन, डोकं मी इंचरीन. लगनात बी मीच राबंन. फकस्त मोजताना तुमच्यात घ्या. तुमचा येक लेक हाय. कुनी विचारलं तर आजपासनं दोन म्हना."

"आणि तुला कुणी विचारलं तर?"

ती बयाकडे बघत नव्हती. माझ्या पायांकडे बघत होती.

"मी सांगन ही मास्तरीणबाईची. दाई ऐकंल, माजं घर रिकामं हाय, घेन्यासारखं काय उरलं नाय. तुमी तवा 'तसं नाय' म्हनू नका, बाई. मी समोर उभी आसंन तरी बी नका म्हनू. येवढंच मागते."